दुसरी जाळी

खाणीच्या तोंडाशी कंदिलांची एक खोली होती आणि तिथे कंदीलमावशीचं राज्य होतं. बावीस वर्षं ती कंदील पुसत आली होती. तेल भरायचं, ज्योतीवर तारेच्या दोन बारीक जाळ्या चढवायच्या आणि शिशाचं सील ठोकायचं. खाली पेट घेणारा वायू. ज्योत जाळीबाहेर आली की खेळ खलास. एक जाळी दगा देईल म्हणून दुसरी.

त्या सकाळी साठ माणसं कंदील घेऊन खाली उतरली. मावशी टेबल आवरायला लागली, तर फडक्याखाली एक जाळी निघाली, धुतलेली, कोरडी. जास्तीच्या जाळ्या मुकादमाच्या कपाटात कुलपात असायच्या, म्हणजे ही कुठल्यातरी कंदिलातलीच. खाली कुणीतरी एकाच जाळीवर काम करत होतं. आणि खाली तिचा जावईही होता.

गप्प बसावं, असं तिच्या मनात आलं. खोटं कशाला बोलायचं. नोकरी गेली असती. पण मग ती जाळी मुठीत धरून मुकादमाकडे गेली. एरवी त्या माणसाचा पारा कायम चढलेला. आज तो न ओरडता थेट फोनकडे धावला आणि त्याने सगळ्यांना वर यायला सांगितलं. मावशीला त्याचीच जास्त भीती वाटली.

माणसं वर येऊ लागली. मावशीने आज सुट्टी दिली, अशी थट्टा कुणीतरी केली, पण हसलं कोणी नाही. ती एकेक सील तोडत होती. दोन जाळ्या. दोन. पुन्हा दोन. जावई अगदी शेवटच्या खेपेला आला, आणि त्याच्याच कंदिलात एक जाळी निघाली.

लेकीचा नवरा म्हणून त्याचा कंदील ती रोज रांगेतून बाजूला काढून दोनदा धुवायची. त्या लाडातच घोटाळा झाला होता; दुसऱ्यांदा धुतल्यावर एक जाळी फडक्याखालीच राहिली होती. तिने ते सगळ्यांदेखत सांगितलं. तिला कोणीच दोष दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक जण कंदील उजेडाला धरून, आत डोकावून मगच पुढे सरकला. जावयाची पाळी आली.

"आई, दोन्ही आहेत ना?" त्याने हळूच विचारलं.

"आहेत, जावईबापू."

तरी तो खिडकीशी गेला आणि त्याने आत पाहिलं. तिला राग आला नाही. त्याने आणखी एकदा पाहावं, असंच तिला वाटत होतं.