रेडा आणि नळाची धार

सकाळी शेजारच्या काकू गॅलरीतला नळ मोठा सोडून त्याच्यावर वाकल्या होत्या. खाली बादली नव्हती, पण ओठ हलत होते. वाईट स्वप्न माणसांआधी वाहत्या पाण्याला सांगायचं, म्हणजे ते वाहून जातं, अशी आमच्याकडची रीत.

मला मात्र स्वप्नातल्या जनावरांचंच कुतूहल जास्त. साप दिसला म्हटलं की लोक विचारतात, चावला का? चावला तर चांगलं म्हणे, नुसता मागे लागला तर वाईट. मला वाटतं, दिवसा ज्या भीतीचं आपण नाव घेत नाही, तीच झोपेत जनावर होऊन येते. काकांचं परवाच ऑपरेशन झालंय. काकू सगळ्यांना हसून सांगतात, "आता अगदी ठणठणीत आहेत."

एवढ्यात नळ खरखरला आणि धार तुटली. पाणी गेलं. काकू तशाच वाकून राहिल्या.

"काय दिसलं, काकू?" मी कठड्यावरून विचारलं.

"रेडा गं. यमाचाच म्हणायचा. जिन्यात उभा होता. तेवढंच सांगून झालं बघ. उरलेलं तुला सांगू?"

मनाचे खेळ असतात, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि "सांगा" म्हणून गेले.

"आमच्या दाराकडे बघतच नव्हता तो," त्या हळूच म्हणाल्या. "त्याचं तोंड तुमच्या दाराकडे होतं."

मी हसले. मग आत जाऊन घाईघाईनं आमचा नळ सोडला. पाणी नव्हतंच. नळ नुसता फुरफुरला, अगदी जवळ येऊन उभ्या राहिलेल्या जनावरासारखा.