एकाच पत्त्यावर

माझी आत्या कपडे शिवायची आणि माझ्या बाबांना घाबरायची. दोन्ही कामं तिने जन्मभर मन लावून केली. बाबा नुसते खाकरले तरी तिच्या हातातली सुई थांबायची. आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. खालच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं, तिने स्वतःच्या कमाईने घेतलेलं. एक दिवस बाबांनी त्या खोलीला कुलूप ठोकलं. खोली भाड्याने द्यायची, मशीन विकायचं, असं परस्पर ठरवूनही टाकलं. "या वयात कशाला डोळे फोडून घेतेस?" म्हणाले. काळजी दाखवत गळा कापण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नाही.

मशीन गेलं की आपण या घरात आयतं खाणारी बाई, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. वकील परवडणारा नव्हता. मशीन परत मिळावं, ते विकायला मनाई व्हावी, असा दावा तिने स्वतःच लिहिला आणि मला घेऊन कोर्टात गेली. जिना चढताना तिने माझा दंड असा धरला की वळ उठले.

खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट केले. "मावशी, ही काय गोधडी आहे?"

कोर्टाची प्रत, प्रतिवादीची प्रत, सगळं तिने पक्क्या दोऱ्याने एकत्र शिवून टाकलं होतं, वर दुहेरी टीप. काही गळून पडायला नको म्हणून! तिथेच उभ्या उभ्या, पिशवीतल्या ब्लेडने तिने टाके उसवले. कारकून हसत होता. मला त्याचा असा संताप आला!

मग त्याचं हसू थांबलं. "दोघांचा पत्ता एकच?"

"सख्खा भाऊ आहे माझा."

"समन्स घरीच येईल हं. विचार करा अजून."

आत्या पांढरीफटक पडली. सही मात्र तिने केली.

त्यानंतर दार वाजलं की बाबांच्या आधी तीच उघडायला धावायची. "मागे घेऊ का गं दावा?" ती माझ्या कानात विचारायची. भीती मलाही वाटतच होती.

समन्स घेऊन कोर्टाचा बेलीफ आला तेव्हाही दार आत्यानेच उघडलं. त्याने बाबांचं नाव वाचलं. "आहेत का घरात?"

नाहीत म्हणाली असती, तर तो आल्या पावली परत गेला असता. तिने चौकट घट्ट धरली.

आतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"माझ्याकडून आलेत, दादा," आत्या म्हणाली. "बाहेर या."