पेपरातला अपवाद

गजाला मी पहिल्यांदा पाहिलं ते पोशीरच्या रस्त्यावरच्या मोरीवर. चौऱ्याहत्तर सालचा जून. माझी त्या गावच्या शाळेवर नुकतीच बदली झाली होती आणि मी छत्री सावरत नेरळहून चालत येत होतो. मोरीच्या कठड्यावर पाच तरुण बसले होते. चौघांचे केस कानांवरून मानेवर आलेले, पँटी खाली घंटेसारख्या पसरलेल्या. पाचव्याचं डोकं मात्र तुळतुळीत. तो टॉवेल डोक्यावर ओढत होता आणि शेजारचा ओढून काढत होता.

"नवशा, सोड रं!"

"गुरुजी, हा गजा," नवशा मला म्हणाला. "ह्याचा बापूस वारला, म्हून टक्कल. नायतर आमच्याहून मोठ्या झिपऱ्या होत्या ह्याच्या. घरी गेला की फणीच शोधतो अजून."

गजा हसला. बाप जाऊन पंधरा दिवसही झाले नसलेल्या मुलाला हसवणं सोपं नसतं. नवशाला ते जमत होतं.

पुढच्याच आठवड्यात हे पाचजण खत आणायला नेरळला गेले. स्टेशनात बाकाखाली नवशाला चामडी पिशवी दिसली. आत दागिने होते. पाचांनी मिळून ती स्टेशनमास्तरांकडे दिली आणि मालक येईपर्यंत तिथंच थांबले. मालक कर्जतचा व्यापारी. तो आला तोच एका साप्ताहिकाच्या संपादकांना आणि त्यांच्या कॅमेऱ्याला घेऊन. संपादकांनी पाचांकडे पाहिलं, गजाच्या हातात पिशवी दिली आणि बाकीच्यांना म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. फोटोत मावत नसू, एवढंच त्यांना वाटलं.

शनिवारी अंक आला. मथळा होता, 'बिघडलेल्या पिढीतला अपवाद'. खाली गजा, पिशवी छातीशी धरलेला. मजकुरात लिहिलं होतं की, आजचा तरुण केस वाढवून नाक्यावर उभा राहण्यात धन्यता मानतो. अशा काळात केसांचाही मोह न ठेवणारा हा शेतकरीपुत्र पाहून मन भरून येतं. 'जवळच काही टवाळ तरुण घुटमळत होते. परंतु गजाननने पिशवी त्यांच्या हाती लागू दिली नाही.'

अंक चिमाबाईच्या दुकानात दाराला टाचला गेला. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवला. त्यांतल्या प्रत्येकाला गजाचा बाप कधी गेला हे ठाऊक होतं. कित्येकजण तर दहाव्याला घाटावर हजर होते. तरीही त्या दिवशी त्यांना टकलात साधी राहणी दिसली. छापलेल्या अक्षराचा वचकच तसा असतो. आठवड्याभरात दोन बापांनी आपली पोरं न्हाव्यापुढे नेऊन बसवली.

नवशाच्या घरी जे झालं ते मी रस्त्यावरून ऐकलं.

"बाबा, पिशवी मला दिसली व्हती!"

"मग पेपरवाला खोटं लिवल? तुज्याशी त्याचं काय वैर हाय काय?"

गजा स्वतः नवशाच्या बापाकडे जाऊन खरं काय ते सांगून आला. दुकानातही सांगितलं. त्यावर लोक म्हणायचे, "बघा, केवढं मन! दोस्तांची बाजू घेतो." तो जितकं खरं सांगे तितका तो त्यांना अधिक चांगला वाटे.

मी मराठी शिकवायचो, त्यामुळे तो शब्द मला छळत राहिला. अपवाद म्हणजे नियमातून वगळलेला. पण त्याचा जुना अर्थ लोकनिंदा असाही आहे. एकाच मथळ्यातला पहिला अर्थ गजाच्या वाट्याला आला होता आणि दुसरा त्याच्या चार मित्रांच्या.

मित्रांनी त्याला टाकलं. "ये अपवाद, लांब बस. आमी टवाळ मान्सं," असं म्हणत त्यांनी मोरीवरची त्याची जागा काढून घेतली. मग सावडीतलीही गेली. आमच्या भागात लावणी सावडीवर चालते: आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या तुझ्या. गजाच्या घरी आता तो आणि आई आनंदीबाई, दोघंच. मजुरी देऊन माणसं लावण्याची ऐपत नव्हती. वाफ्यातली रोपं हातभर झाली, शेंडे पिवळे पडू लागले. वेळेत लावली नाहीत तर वर्षाचं भात गेलं.

"पेपरातला फोटू येनार हाय काय रं चिखलात उतराय?" आनंदीबाई म्हणाली.

अशातच सरपंचांनी गजाचा सत्कार ठरवला. रविवारी, शाळेत, संपादकांच्याच हस्ते. रविवार उजाडला, शाल-नारळ आला, संपादक आले. गजा आला नाही. त्याला आणायला मला पाठवलं.

तो नवशाच्या शेतात होता. चौघं एका ओळीत वाकून लावत होते आणि पलीकडच्या बांधाशी गजा एकटाच, आपली वेगळी ओळ धरून. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

"गजा, पाहुणे थांबलेत."

"आज नवशाची सावड हाय, गुरुजी."

"तुला कुनी बोलावलं?" नवशा मान वर न करता म्हणाला.

"सावडीला बोलवाय लागतं काय?"

"जा रं, शाल घे. पावसात उबेला व्हईल."

"तुजी लावनी सरू दे," गजा म्हणाला, आणि रोपांची पुढची मूठ सोडवून पुन्हा वाकला.

मी परत जाऊन सांगितलं, तो लावणीत आहे. संपादकांनी घड्याळ पाहिलं. सरपंचांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली.

पुढच्या अंकात चार ओळी आल्या. 'सत्काराकडे तरुणाची पाठ. कृतघ्न पिढीला अपवाद नाही, हेच खरे.' ती बातमी नवशाने मोरीवर उभं राहून मोठ्याने वाचली. शेवटच्या शब्दापर्यंत तो कसाबसा पोचला, मग पोट धरून खाली बसला.

"आता तू पन टवाळ झालास रं! छापून आलंय!"

सरकून त्यांनी कठड्यावर जागा केली. दुसऱ्या दिवशी पाचहीजण गजाच्या शेतात उतरले. रोपं जून झाली होती, पीक जरा कमीच आलं, पण आलं.

गावातली मोठी माणसं हळहळली. पोरगं चांगलं होतं, संगतीनं वाया गेलं, असं माझ्यासमोर कितीदा तरी बोलली. नवशाच्या बापाने पिशवीचा विषय पुन्हा काढला नाही, पण मुलाचं म्हणणंही कधी मान्य केलं नाही. दिवाळीपर्यंत गजाचे केस कानांवर आले होते.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. गजा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. लावणीत तो रजा घेतो आणि पहिल्या दिवशी नवशाच्या शेतात असतो.