माझ्या बुटाचा फोटो

मंडळी, आज सकाळी नववीच्या मुलांना सोलापूरबाहेरच्या माळावर फोटोग्राफी शिकवायला नेलं होतं. सगळ्यात भारी फोटो आला तो माझ्या बुटाचा!

झालं असं, की एक टिटवी ओरडत आली आणि समोर उतरून लंगडायला लागली. मी लगेच कॅमेरा सरसावला. "जखमी दिसतेय. चला, जवळून मिळेल!"

तेवढ्यात मागून सारिका ओरडली, "सर, पाय हलवू नगा! ती नाटक करतीया. अंडी हितंच असणार की."

खाली बघतो तर बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी, हुबेहूब खड्यांसारखी. आणि मी वर्षानुवर्षं मुलांना "नीट बघा" म्हणून सांगतोय!

सारिकाने एकच फोटो काढला आणि सगळ्यांना लांब नेलं.

"तुला कसं गं कळलं?"

ती मोहोळकडची. म्हणाली, "आमच्या रानात अंडी दिसली की अण्णा कुळवताना तेवढी जागा सोडत्यात."

थोड्या वेळाने टिटवी ठणठणीत पायांनी चालत आली आणि अंड्यांवर बसली.

तुमच्याकडेही अशी जागा सोडतात का? मला मात्र परत येताना एकच प्रश्न पडला होता: सारिका सोबत नसताना मी या माळावर किती वेळा आलोय?