भैरोबाची गोटी आणि आक्काचा पाय

बाहत्तर सालच्या चैत्रात मी भैरोबाशी अबोला धरला. त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, माझा अबोला मात्र पक्का होता. घरात ओट्याशेजारी फळी टाकली होती, तिच्यावर मी उताणा पडून होतो. तिन्हीसांजेला बायको देवापुढं दिवा लावायची तेव्हा तोंड फिरवावं असं फार वाटायचं. पण तोंड फिरवायचं तर पाठही थोडी हलवावी लागते, आणि पाठ हलली की डोळ्यांपुढं काजवे. मग नुसते डोळे मिटून घ्यायचो. बायकोला वाटायचं, नमस्कार करतोय.

मी नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावचा शिंपी. देवाचा पोशाख दरसाल मीच शिवतो. हे गिऱ्हाईक फार सोयीचं, कधी जाड होत नाही आणि कापड उरलं का म्हणून विचारत नाही. त्यामुळे मी स्वतःला देवाच्या घरचा माणूस समजत असे. म्हणूनच राग जास्त. ज्याचा अंगरखा मी इतकी वर्षं बेतला त्यानं माझी कंबर मोडावी? मी दिवसभर हाच हिशेब त्याच्याशी घालत होतो. कंबर कुणी मोडली हे मात्र सोयीस्कर विसरत होतो.

ते असं झालं. आमच्या भैरोबाच्या देवळापुढं एक गोल गुळगुळीत दगड आहे. गावात त्याला गोटी म्हणतात. यात्रेच्या दिवशी तरणी पोरं ती उचलतात. कुणी गुडघ्यापर्यंत, कुणी छातीपर्यंत, एखादा पठ्ठ्या खांद्यावरून मागं टाकतो. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि जन्मात कात्रीपेक्षा जड हत्यार हातात धरलं नव्हतं. त्या सकाळी पारावर कुणीतरी म्हणालं, "शिंपीमामा, तुमी गोटीला नुसता अंगरखा शिवा." सगळे हसले. मीही हसलो. पण बोलणं आत जाऊन बसलं. दुपारी सगळं गाव कुस्त्या बघायला ओढ्याच्या कडेला गेलं तेव्हा मी एकटा देवळात आलो. आधी गुपचूप जमतं का बघावं आणि जमलं तर संध्याकाळी चारचौघांत करून दाखवावं, असा बेत. दोन्ही हातांनी गोटीला मिठी मारली आणि हिसका दिला. गोटी वीतभर उठली. कमरेत मात्र काहीतरी असं तुटलं, जसा जाड दोरा दातानं तोडावा. मी गोटीवरच पालथा पडलो. बघायला फक्त भैरोबा होता आणि त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

मीही नाही सांगितली. घरी आल्यावर म्हणालो, दुकानात कापडाचा गठ्ठा उचलताना उसण भरली. बेचाळिसाव्या वर्षी शिंप्यानं चोरून गोटी उचलली हे गावाला कळलं असतं, तर माझं हसं माझ्या तिरडीपर्यंत पुरलं असतं. एवढ्यासाठी ते एक लहानसं खोटं.

घरात माझी थोरली बहीण होती, आक्का. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माघारी आली. मूलबाळ नाही. तिच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. पायाळू माणसानं पाठीला टाच लावली की उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. चार कोसांवरची माणसं आमच्या ओट्यावर पालथी पडायची आणि आक्का पाय धुऊन, भैरोबाचं नाव घेऊन सात वेळा हलकी टाच लावायची. त्या वेळी तिचा चेहरा बघण्यासारखा असे. एरवी कोपऱ्यात बसणारी बाई तेवढ्यापुरती सरळ उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिनं माझ्याही पाठीला टाच लावली. आधी तिनं विचारलं, "नुसती उसनच हाय ना रं? काय लागलं-बिगलं न्हाई ना?" मी म्हणालो, "उसणच." तिनं सात वेळा टाच लावली. काही फरक पडला नाही. तेव्हा मीच वैतागून म्हणालो, "आक्का, फुलं काय वाहतेस? जरा जोर दे की." ती नको म्हणत होती. मी हट्ट धरला. तिनं भिंतीला हात लावून पाठीवर भार दिला आणि कमरेतून डाव्या टाचेपर्यंत वीज गेली. मी गुरासारखा ओरडलो.

बुधवारी सकाळी डावं पाऊल उचलेना. पायमशीन चालवतो ते हेच पाऊल. नुसतं लोंबत होतं, ओल्या बाहीसारखं. चिमटा काढला तरी कळेना. आक्का पायाशी बसून ते पाऊल दोन्ही हातांत धरून चोळत होती. शेवटी म्हणाली, "माझ्या पायातला देव गेला." त्या दिवशी दोन माणसं उसण घेऊन आली होती. तिनं त्यांना आतूनच परत पाठवलं.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. एक वाक्य होतं. फळीवर पडून ते वाक्य कितीदा ओठांपर्यंत आलं आणि मी ते गिळलं, सांगता येत नाही. आजही त्या दिवसांची आठवण आली की पाठ नाही दुखत, दुसरंच काहीतरी दुखतं.

पुढं काय करावं यावर घरात रोज पंचायत. शेजारी म्हणे, हाडवैद्याकडं न्या, तो ओढून जागेवर बसवतो. बायको म्हणे, नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा. आक्का म्हणाली, देवाला विचारू. ती गुरवाला घेऊन कौल लावायला गेली. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर नगर, डावी पडली तर वैद्य. तिनं देवाला सांगितलं, "गठ्ठा उचलून भावाची कंबर धरली, आता कुठं नेऊ?" तासभर झाला, एकही पाकळी पडेना. गुरव म्हणाला, असं आजवर झालं नाही. घरी येऊन तिनं हे सांगितलं. प्रश्नच खोटा घातला होता, देव उत्तर तरी कशाचं देणार! शेवटी बायकोनं निकाल दिला, "द्येव बोलंना तर आता डाक्टरला बोलू द्या."

दुष्काळी कामावर खडी टाकून नगरला रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला. गोधड्यांवर मला आडवं घातलं. आक्का बरोबर आली, बायको लहान मुलांसाठी मागं राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ड्रायव्हर आम्हाला परत न्यायला येणार होता.

डॉक्टरांनी आक्काला बाहेर थांबवलं. पाय वर उचलून पाहिला, टाचणीनं टोचून पाहिलं आणि म्हणाले, "हे पाऊल जर आता-आताच असं झालं असेल, तर वेळ घालवून चालणार नाही. पुण्याला पाठवतो, पाठीचं ऑपरेशन करावं लागेल. कधीपासून आहे?"

पाठीचं ऑपरेशन! माझ्या डोळ्यांपुढं माझीच कात्री आली. घडीवरून सरळ चालत जाणारी. मी पटकन म्हणालो, "पाऊल जुनंच आहे साहेब. चार-पाच वर्षं झाली. मशीन चालवून चालवून."

डॉक्टर म्हणाले, "जुनं असेल तर ऑपरेशननं पावलाला फायदा नाही. सहा आठवडे फळीवर पडून राहा." मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी. आक्काला सांगितलं, नुसता आराम सांगितलाय. तिनं तिथूनच गावाच्या दिशेला हात जोडले.

बारा वाजले. ट्रक आला नाही. एक वाजला, दोन वाजले. नंतर कळलं की वाटेत त्याचे एकामागून एक दोन टायर गेले. ट्रक वेळेवर आला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मी सांगायला उभा राहिलो नसतो.

व्हरांड्यात मी बाकावर आडवा होतो. शेजारी एक रुंद छातीचा, पिकल्या मिशांचा माणूस येऊन बसला. मार्केटातल्या कुणाचं बोट चेमटलं होतं, त्याला घेऊन आला होता. मी पाहिलं तर त्याच्या उजव्या वहाणेच्या पुढच्या टोकाला सुतळी बांधलेली आणि ती वर गुडघ्याखालच्या पट्ट्याला ओढून घेतलेली. मी बघतोय हे त्याला कळलं.

"पाऊल खाली पडतं म्हनून बांधलंय," तो म्हणाला. "हमाल हुतो. आता पोत्यांची तोंडं शिवतो दाभनानं. तुमी काय उचललंत, पाव्हणं?"

"कापडाचा गठ्ठा."

त्यानं माझे हात उलटे करून पाहिले. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला खपल्या होत्या. घरात कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. मी सदरा काढतच नव्हतो, आज डॉक्टरांसाठी बाह्या वर केल्या होत्या. तो हसला. "कापड असं सोलत न्हाई. ह्यो दगड हाय. मिठी मारून उचलल्याला. व्हय का न्हाई?"

आक्का माझ्याकडं बघत होती. मी बाह्या खाली ओढल्या.

"आन् पाऊल कधी गेलं?"

"मंगळवारी," आक्काच म्हणाली. "माझ्या पायानं गेलं, दादा."

"ह्याच मंगळवारी?" तो माणूस ताठ झाला. "आन् डाक्टर नुसतं पडून ऱ्हावा म्हनले?" मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. राग आला नाही त्याला. आवाज उतरला. "जुनं हाय म्हनून सांगितलंत ना? मी बी हेच सांगितलं हुतं. भ्यालो हुतो. तीन महिन्यांनी खरं सांगाया आलो तवा डाक्टर म्हनले, आता उशीर झाला." त्यानं सुतळीला बोट लावलं. "ही तवापासनं."

मी रडलो. चांगला बेचाळीस वर्षांचा माणूस, दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांदेखत. म्हणालो, "आक्का, गठ्ठा नव्हता गं. गोटी उचलली."

आक्का उठली, नर्स आडवी येत होती तिला हातानं बाजूला सारून आत गेली. बाहेर आवाज आला, "सायेब, माझा भाऊ खोटं बोलला. पाऊल मंगळवारी गेलंय. माझ्यासमोर."

त्याच संध्याकाळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आम्ही पुण्याला निघालो. ऑपरेशनला आत नेताना मी भैरोबाला काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं. इतकंच म्हणालो, तू पाहिलं होतंस. इतक्या दिवसांनी त्याच्याशी बोललो, ते एवढंच. अबोला सुटला.

पाऊल अर्धं परत आलं. डॉक्टर म्हणाले, आणखी काही दिवस गेले असते, तर तेवढंही नसतं. आक्का महिनाभर उशाशी होती. मला भरवायची, पुसायची, पण गोटीचं नाव काढत नव्हती. एकदा केळं सोलता सोलता म्हणाली, "दगडाचं हाय म्हनला असतास, तर मी पाय लावलाच नसता. लागल्याल्या पाठीला लावत न्हाईत. आईनं शिकवलंय." थोड्या वेळानं म्हणाली, "चार-पाच दिस मला वाटत हुतं, माझ्याकडं हुतं तेवढं बी द्येवानं काढून घेतलं." मग केळं माझ्या हातात दिलं.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर ती पुन्हा पाय लावील. नाही लावला. माणसं यायची, मी स्वतः त्यांना सांगायचो की चूक माझी. आक्का म्हणायची, "दगड तुजा हुता, पन पाय तर माझाच हुता ना." ओट्यावर माणसं येणं हळूहळू थांबलं. दोन वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली.

ती असतानाच एकदा आम्ही दोघं नगरच्या मार्केटात त्या माणसाला शोधायला गेलो होतो. मी त्याच्यासाठी सदरा शिवला होता, माप अंदाजानं. पोत्यांच्या ढिगाशेजारी सुतळी ओवत बसलेला सापडला. त्याला आम्ही आठवेनाच. सगळं सांगितलं तरी डोकं खाजवत म्हणाला, "असंल बा. दवाखान्यात गेलो की मी दिसंल त्याला इचारतो. कोन कोन ध्यानात ठेवू?" आक्का खाली वाकली आणि त्या सुतळी बांधलेल्या पावलावर तिनं डोकं टेकलं. तो बिचारा घाबरून मागं सरकला. सदरा त्याला खांद्यात आवळत होता.

हा चमत्कार होता की नाही, मला विचारू नका. दोन टायर फुटले, हात सोलले होते आणि एक माणूस शेजारी येऊन बसला, एवढंच माझ्याजवळ आहे. पूर्वी मला वाटायचं, देवाला शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं. ते मला सोपं होतं, शिंप्याची मान दिवसभर खालीच असते. जे ज्याला दिसू नये असं वाटतं ते त्याला दिसू देणं म्हणजे शरण जाणं, हे मला आक्काची किंमत देऊन कळलं. आता दिवा लागला की मी देवाला दिवसभराचं सगळं सांगतो, माझ्या मूर्खपणासकट. मागणं असं काही उरत नाही.

मशीन मी उजव्या पायावर चालवतो. डाव्या पायातून चप्पल निघून पडली तर अजून कळत नाही, तसाच पुढं जातो. मागून कुणीतरी हाक मारतं, "शिंपीमामा, चप्पल ऱ्हायली!" मी मागं फिरतो, वाकता येत नाही म्हणून पायानंच चाचपून ती घालतो. त्या वेळी खाली बघताना दर वेळी आक्काचे दोन हात दिसतात, माझं पाऊल धरून चोळणारे. मी तिथंच थोडा थांबतो. लोकांना वाटतं, चप्पल बसत नाहीये.