जावईबापूंचं लॉगिन

मानपान लग्नात असतं हे मला माहीत होतं. डेटाबेसमध्येही असतं, हे कराडजवळच्या एका साखर कारखान्यात नोकरी करताना कळलं.

मी तिथे संगणक विभागात हंगामी होते. म्हणजे गाळप चालू असेल तोवर पगार, मग कोरेगावला घरी. आमचे साहेब फौजेतून निवृत्त होऊन आलेले. त्या वर्षी ते म्हणाले, "पोरी, औंदा काटा एकदाबी बंद पडला न्हाई, तर तुला कायम करायचा ठराव मी सोता मांडतो."

आदल्या हंगामात वजनकाट्याचा डेटाबेस सारखा अडकायचा. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर जायची आणि शिव्या मला बसायच्या. म्हणून मी डेटाबेसवर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर बसवलं. कुठे काय तुंबतंय ते आधीच दाखवायचं, मोबाईलवर इशारा द्यायचं. बसवणं सोपं गेलं. ते कुणाकुणाला उघडता यावं, हे ठरवताना मात्र माझी पायताणं झिजली.

लॉगिन मोजकीच मिळणार होती. मी नावं दिली साहेबांचं, माझं आणि काट्यावरच्या कारकुनाचं. वरून मंजुरी आली तेव्हा कारकून गळाला होता आणि संचालक भरले होते. त्यांना मी फक्त बघायची परवानगी दिली, तर व्हाइस चेअरमन खवळले. "नुसतं बघायला मी काय पाव्हणा हाय?"

समजावून थकले. शेवटी त्या परवानगीचं नाव बदलून 'विशेष' असं ठेवलं. अधिकार तेवढेच, पण सगळे खूश. एरवी मी पोट धरून हसले असते, पण तोवर डोकं उठलं होतं.

मग व्हाइस चेअरमनांचे जावई आले. सांगलीचे, इंजिनिअर, पुण्यातली नोकरी सोडून नुकतेच परतलेले. त्यांना पूर्ण अधिकाराचं लॉगिन द्या, असा निरोप आला. तशी दोनच होती, साहेबांचं आणि माझं. साहेबांनी माझं काढून त्यांच्या नावावर केलं.

"आवं साहेब, मग काम मी कशानं करायचं?"

"त्यांच्याच लॉगिननं कर की. त्यांना कुठं उघडायचंय ते?"

"पण इशारा आल्यावर कुणी काय केलं, त्याची नोंद ऱ्हाती त्यात. सगळं त्यांच्या नावावर पडंल."

"नाव कोण बघतंय गं? व्हाइस चेअरमनच्या जावयाला न्हाई म्हणून मी कुठं जाऊ? घरच्या माणसानं जरा समजून घ्यायचं असतंय."

घरचं माणूस म्हणे. इतके हंगाम काम केलं, तेव्हा मी कुणाची घरची नव्हते. लॉगिन काढून घ्यायच्या वेळी बरी आठवण झाली.

गाळप सुरू झालं. जावईबापू विभागाकडे फिरकलेही नाहीत. एका दुपारी शेती खात्यात कुणीतरी अख्ख्या हंगामाचा अहवाल काढायला घेतला आणि काट्यावरची पावती छापायची थांबली. मोबाईल वाजला. भाकरी तशीच टाकून मी संगणकाशी गेले, तो अहवाल मधेच तोडला आणि पावत्या परत छापायला लागल्या. रांगेतल्या ड्रायव्हरांना काही अडलं होतं हे कळलंही नसेल. व्हाइस चेअरमनांना मात्र त्यांच्या 'विशेष' पडद्यावर इशारा मिटलेला दिसला, आणि त्यापुढे जावयाचं नाव. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी फोन लावला. "जावईबापू, लय झ्याक काम केलं बघा तुमी."

पलीकडून 'मी नाही केलं' असं उत्तर आलं नसावं, कारण ते हसतच आत गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, हंगाम संपू दे.

हंगाम संपला. काटा एकदाही बंद पडला नाही. साहेबांनी शब्द पाळला, बैठकीत ठराव मांडला. संचालकांनी विचारलं, हे सगळं सांभाळलं कुणी? सॉफ्टवेअरमधून नोंदी काढल्या, तर ओळीओळीला जावईबापू. विभागात कायमची जागा एकच होती, ती त्यांना मिळाली.

"मी बोललो पोरी," साहेब टेबलाकडे बघत म्हणाले. "नोंदी दाखिवल्या त्यांनी मला."

"मग खरं सांगायचं होतं की. ते नाव तुमीच घातलं."

"एकाच्या लॉगिननं दुसऱ्याला काम करू दिलं, हे सांगितलं असतं तर दोघंबी घरी गेलो असतो."

तेही खरं होतं, आणि त्याचाच जास्त संताप आला. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण लहानपणापासून ऐकत आले होते. बीळ खणणाऱ्याचं पुढे काय होतं, ते त्या म्हणीत कुणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी विभागाचं दार लावून रडले, दुःखानं नाही, रागानं.

माझे शेवटचे दिवस चालू असतानाच जावईबापू रुजू झाले. मुलगा सभ्य होता. बसू का, असं विचारून माझ्या खुर्चीत बसला. संगणक चालू केला, पडद्यावर लॉगिनची चौकट आली, तसा माझ्याकडे वळला.

"ताई, माझा पासवर्ड काय आहे हो?"