तेहरानची ओळ

केरबा आमच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. औरंगपुऱ्यातला आमचा पेपर चार पानांचा, पण संपादक तात्यासाहेबांचा रुबाब बघाल तर वाटावं, सगळी दुनिया यांच्याच टेबलावरून चालते. ऐंशी साली इराण-इराकचं जुंपलं तेव्हा त्यांनी आम्हाला बजावलं, "आपला देश कुणाच्याच बाजूचा नाही. बगदादचं जेवढं छापाल तेवढंच तेहरानचं छापायचं. एक ओळ इकडंतिकडं नको."

त्यांना काय जातंय बोलायला? केरबाचा एकुलता एक मुलगा भिकन इराकमध्ये, बसऱ्याच्या तेल कारखान्यात वेल्डर होता. दीड महिना झाला, पत्र नव्हतं. लढाईची बातमी आली की केरबाच्या हातून खिळे सांडायचे. मला बघवायचं नाही. खरं सांगतो, मलाही लई भेव वाटायचं. जुळवलेल्या मजकुराची प्रुफं मी वाचायचो, आणि कुठल्या दिवशी त्यात काय निघेल याचा नेम नव्हता.

एका संध्याकाळी बातमी आली. बगदाद म्हणत होतं, बसऱ्यावरचा हल्ला परतवला, काही नुकसान नाही. तेहरान म्हणत होतं, बसऱ्याचा तेल कारखाना जाळला, आतलं कुणी वाचलं नाही.

केरबानं दोन्ही ओळी जुळवल्या. प्रूफ माझ्याकडं आलं तर त्यात बगदादचीच होती. मी मान वर केली. केरबा माझ्याकडंच बघत होता. मी प्रुफावर सही केली. उगाच सोवळेपणा कशाला दाखवू, दोष माझाही आहे.

सकाळी मुकुंदवाडीला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको राजाबाई आठ दिवस माझ्या मागं लागली होती, भिकनच्या कंपनीला इंग्रजीत तार लिहून द्या म्हणून. तारेचा कागद माझ्या खिशातच होता. पण ती हसत बाहेर आली आणि माझ्या हातावर साखर ठेवली.

"आता कशाची तार, भाऊजी? गिरणीवाल्या बद्रीनाथनं पेपर वाचून दाखवला. बसऱ्यात काय बी झालं नाय म्हणं. ह्यांच्याच हातचा पेपर, खोटं कसं असंल?"

मी साखर तोंडात टाकली. दुसरं काय करणार होतो?

केरबा खाटेवर बसला होता. "तार लिव्हा, भाऊ," तो म्हणाला.

"अवं, कशापायी?" राजाबाईनं विचारलं.

त्यानं बंडीच्या खिशातून दोऱ्यानं बांधलेली खिळ्यांची एक ओळ काढली. ती मोडून खिळे परत खणात टाकायचा त्याला धीर झाला नव्हता. "ही काल मी पेपरातनं काढली," तो म्हणाला.

राजाबाईनं ती हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं, त्यात खिळ्यांची अक्षरं उलटी. तिनं त्या शिशावरून हळूच बोट फिरवलं. तिचं हसू गेलं होतं. मग तिनं ओळ माझ्यापुढं धरली.

"तुमाला येतंय की, भाऊजी," ती म्हणाली. "वाचा."

माझ्या तोंडातली साखर अजून विरघळली नव्हती.